आधीं तोडणें, मग जोडणें

अलीकडे महाराष्ट्रांतील शहरांत आणि खेड्यांत घरांच्या छपरांवर काळसर निळ्या रंगाचीं सौर पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं केंद्र सरकारनें ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटि घरांवर अशीं पॅनेलें बसवावीं, असा तिचा संकल्प असून, तीन किलोवॅटच्या मांडणीस ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तींत तरतूद आहे. तेव्हांपासून हा विषय सामान्य गृहस्थांच्या बोलण्यांत विशेष येऊं लागला. परंतु पॅनेलें बसविल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत पुष्कळांना एका गोष्टीचें मोठें नवल वाटतें. भर दुपारची वेळ असते, ऊन रखरखीत पडलेलें असतें, छपरावरचीं पॅनेलें जोरानें काम करीत असतात. इतक्यांत गांवची वीज जाते, आणि पॅनेलांच्या मालकाचा पंखाही शेजाऱ्याच्या पंख्याबरोबरच थांबतो!

मालकाला वाटतें, आपण फसलों. सूर्य माथ्यावर असतांना सूर्याची वीज घराला मिळूं नये, हें त्याच्या बुद्धीला पटत नाहीं. वस्तुतः तो फसलेला नसतो, आणि त्याचें यंत्रही बिघडलेलें नसतें. उलट, तें यंत्र त्या क्षणीं आपलें पहिलें कर्तव्य चोख बजावीत असतें. हें कर्तव्य कोणतें, आणि घरांत सांठ्याची बॅटरी आली म्हणजे तें पाळूनही घर चालतें कसें ठेवतां येतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम वीज कोठें कोणत्या रूपानें असते तें पाहिलें पाहिजे. पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. बॅटरींत सांठविलेली वीजही बाहेर येतांना तशीच एकाच दिशेनें येते. खांबावरून घरांत येणारी वीज मात्र झोपाळ्याप्रमाणें मागेंपुढें होणारी आहे. भारतांत तिचे असे हेलकावे सेकंदास ५० होतात, म्हणजे एका हेलकाव्यास सेकंदाचा पन्नासावा भाग, अर्थात् २० मिलिसेकंद लागतात. आणि घरांत तिचा दाब २३० व्होल्टांच्या आसपास असतो. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप हीं सर्व यंत्रें याच विजेसाठीं केलेलीं आहेत. म्हणून पॅनेलें व बॅटरी एका बाजूस आणि घर दुसऱ्या बाजूस, यांच्यामध्यें एका दुभाष्याची गरज लागते. हा दुभाषी म्हणजे इन्व्हर्टर.

केवळ पॅनेलांस जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर स्वतंत्र वृत्तीचा नसतो. पंढरीच्या वाटेवर दिंडी चाललेली असतांना मागाहून येऊन मिळणारा वारकरी एकदम गर्दींत घुसत नाहीं. तो टाळांचा ठेका ऐकतो, पुढच्यांच्या पावलीशीं आपलें पाऊल जुळवितो, आणि मगच रांगेंत शिरतो. सौर इन्व्हर्टरचें वर्तन हुबेहूब असेंच असतें. बाहेरच्या विजेचा हेलकावा केव्हां चढतो, केव्हां उतरतो, हें तो सारखें न्याहाळतो आणि आपली वीज बरोबर त्याच तालावर तींत मिसळतो. हा ताल लहानसहान नव्हे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं दक्षिण भारताचें विद्युत्-जाल उरलेल्या देशाच्या जालाशीं जोडलें गेलें. आज कोयनेचीं जनित्रें, चंद्रपूरचीं जनित्रें आणि दूर हिमालयाच्या पायथ्याचीं जनित्रें एकाच ठेक्यावर फिरत आहेत. या देशव्यापी जालालाच ग्रिड असें म्हणतात. ठेका धरणारें ग्रिड मुकें झालें, कीं त्याच्यामागून चालणारा इन्व्हर्टरही थांबतो.

तो थांबतो यामागें यंत्राच्या स्वभावाखेरीज आणखी एक कारण आहे, आणि तें अधिक महत्त्वाचें आहे. त्यानें थांबलेंच पाहिजे, असा नियम आहे. हा नियम कोणाच्या रक्षणासाठीं आहे, तें समजून घेण्याकरितां गल्लीच्या कोपऱ्यावरील रोहित्राकडे पाहावें. त्याच्या एका अंगास ११,००० व्होल्टांची तार येते व दुसऱ्या अंगानें घरगुती दाबाची वीज बाहेर पडते. परंतु रोहित्राला उलटसुलट ठाऊक नसतें. मोठा दाब एका अंगास दिला तर दुसरीकडे लहान मिळतो. तसाच लहान दाब या अंगास दिला, तर पलीकडे मोठा निर्माण होतो. आतां असें समजा, कीं वादळानें तार तुटली आहे, उपकेंद्रांतून वीज बंद केली आहे, आणि लाइनमन खांबावर चढला आहे. त्याच वेळीं एखाद्या घरांतली वीज मीटरमधून उलट बाहेर पडली, तर ती रोहित्राच्या वाटेनें ११,००० व्होल्टांची होऊन त्याच मृत समजल्या गेलेल्या तारेंत पोंचेल. ज्या घरानें केवळ आपला पंखा चालू ठेवला, त्या घराकडून नकळत एका माणसाचा प्राण जाईल.

हा प्रसंग काल्पनिक वाटूं नये. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनीं मोडले, आणि कांहीं गांवांत पुष्कळ दिवसपर्यंत वीज परतली नाहीं. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळानें कोंकणपट्टीला पुन्हां झोडपलें. अशा वेळीं चिखलांत आणि पावसांत एकेक खांब उभा करीत जाणारा माणूस आपण सोडविलेली तार खरोखरच निर्जीव आहे, या विश्वासावर काम करीत असतो. लाइनमन तारेस हात लावण्यापूर्वीं ती तपासतो व जमिनीशीं जोडून घेतो, हें खरें; तथापि एका माणसाच्या सावधगिरीवर दुसऱ्यानें निष्काळजी राहावें, हा न्याय नव्हे. म्हणून ग्रिड गेल्यानंतर दोन सेकंदांच्या आंत इन्व्हर्टरनें बाहेर वीज देणें बंद केलें पाहिजे, अशी कसोटी आंतरराष्ट्रीय मानकांत ठरविलेली आहे. भारतीय मानक आयएस १६१६९ यानेंही तीच स्वीकारली आहे.

ग्रिड गेलें हें यंत्राला कळतें कसें? वीज गेली म्हणजे दाब शून्य होईल, मग कळण्यांत अवघड तें काय, असें प्रथम वाटतें. परंतु एखाद्या गल्लींत सौर घरें पुष्कळ असलीं, आणि त्यांची निर्मिति त्या क्षणीं गल्लीच्या गरजेइतकीच असली, तर बाहेरची वीज गेली तरी दाब टिकून राहूं शकतो. चहूंकडे अंधार आणि मध्यें उजेडाचें एक बेट, अशी ही स्थिति होय. ती ओळखण्यासाठीं इन्व्हर्टर एक युक्ति करतो. अंधारांत चाचपडणारा माणूस भिंतीला हलकेच रेटून पाहतो. ती हलली नाहीं तर भिंत, हलली तर पडदा. तसा इन्व्हर्टर आपल्या विजेचा ठेका किंचित् पुढेंमागें ढकलून पाहतो. पलीकडे अवाढव्य ग्रिड असेल, तर तो यत्किंचितही हलत नाहीं. ग्रिड नसेल, तर ठेका लगेच सरकूं लागतो. आणि तो सरकतांच इन्व्हर्टर जें समजावयाचें तें समजून बंद पडतो.

येथपर्यंत नुसत्या पॅनेलांची गोष्ट झाली. आतां घरांत बॅटरी आली, असें धरून चालूं. महाराष्ट्राला घरगुती बॅटरी नवी नाहीं. २००५ च्या सुमारास व त्यानंतर कांहीं वर्षें भारनियमनाचा जाच असतांना शिशाच्या बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर घरोघर आले. वीज जातांच आंतून ‘टक्’ असा आवाज येई आणि दिवे पुन्हां लागत. ती बॅटरी ग्रिडच्याच विजेवर भरे व ग्रिड गेलें कीं रिकामी होई. नव्या व्यवस्थेंत पॅनेलें आहेत, बहुधा लिथियमची बॅटरी आहे, आणि घरची वीज बाहेर देण्याचीही सोय आहे. म्हणूनच तिचें काम अधिक नाजूक आहे.

या व्यवस्थेचीं कामें दोन, आणि त्यांची गल्लत होऊं देऊं नये. पहिलें काम रोजचें. ग्रिड शाबूत असतांना घर कधीं ग्रिडवर तर कधीं बॅटरीवर ‘फिरविलें’ जातें, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. त्या वेळीं दोन्ही एकदमच जोडलेलीं असतात. एका हौदांत दोन तोट्या सोडाव्या तसा हा प्रकार आहे. मीटरजवळच्या तारेभोंवतीं एक लहानसें कडें बसविलेलें असतें. बाहेरून किती वीज येत आहे अथवा बाहेर किती जात आहे, हें तें सतत मोजतें. इन्व्हर्टर त्या मापाकडे पाहून आपली तोटी कमीअधिक उघडतो. सकाळीं ऊन चढलें कीं पॅनेलांची वीज प्रथम घराला मिळते. उरलेली बॅटरींत जाते. बॅटरी भरली कीं शिल्लक बाहेर जाते आणि नेट मीटर तिची नोंद करतो. सूर्य मावळल्यावर बॅटरी हळूहळू पुढें होते. ती ठरविलेल्या मर्यादेपर्यंत उतरली, कीं बाहेरची तोटी आपोआप मोठी होते. या सर्व देवघेवींत एकही खटका पडत नाहीं, दिवा क्षणभरही मिणमिणत नाहीं, आणि घरांतील माणसांना कांहीं घडल्याचें कळतही नाहीं.

दुसरें काम आपत्कालचें. खरी अदलाबदल येथेंच होते. ग्रिड ढासळल्याचें दिसतांच पहिली गोष्ट घडते ती अशी, कीं घर व ग्रिड यांच्यामधील खटका उघडतो आणि घर बाहेरच्या तारांपासून तुटतें. फेजची तार तर सुटतेच, पण बहुतेक पद्धतींत न्यूट्रलचीही सुटते. हा खटका खरोखर उघडला आहे कीं नाहीं, याची खात्री करून घेतल्यावरच दुसरी गोष्ट घडते. आजवर ग्रिडच्या मागून चालणारा इन्व्हर्टर आतां स्वतः ठेका धरतो. वारकरी वीणेकरी होतो. बॅटरीच्या बळावर तो २३० व्होल्टांचा दाब व सेकंदास ५० हेलकावे स्वतः निर्माण करतो, आणि त्याच्या ठेक्याला छपरावरचीं पॅनेलें येऊन मिळतात. चांगल्या यंत्रांत हा सगळा फेरबदल साधारणतः १० ते २० मिलिसेकंदांत, म्हणजे विजेच्या एका हेलकाव्याच्या अवधींत, उरकतो. पंख्याला तो समजत नाहीं, आणि संगणकही बहुधा बंद पडत नाहीं. परंतु एवढ्या निमिषमात्र काळांतही क्रम मात्र एकच असतो. आधीं तोडणें, मग जोडणें. हा क्रम उलटविण्याची मुभा कोणत्याही यंत्राला नाहीं.

घर तुटल्याबरोबर एक नवी अडचण उभी राहते. न्यूट्रलची तार रोहित्राजवळ जमिनींत गाडलेली असते, आणि विजेचा धक्का बसूं लागतांच प्रवाह तोडणारें घरांतलें रक्षक-यंत्र त्या आधारावर काम करतें. न्यूट्रल सुटली कीं तो आधारच जातो. म्हणून घर स्वतंत्र होतांच घरापुरती न्यूट्रल घरच्या अर्थिंगशीं जोडणारा आणखी एक लहान खटका पडतो, आणि ग्रिड परत येतांच तो पुन्हां सुटतो. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं; परंतु ओल्या हातानें फ्रिज उघडणाऱ्या मुलाचें रक्षण तीच करते.

अडचण आणखीही आहे. समजा, दुपारीं वीज गेलेली आहे, बॅटरी कांठोकांठ भरलेली आहे, घरांत दोन पंख्यांपलीकडे खर्च नाहीं, आणि पॅनेलें तीन किलोवॅट वीज ओतीत आहेत. ती जावी कोठें? बाहेरचा रस्ता तर आपणच तोडलेला. अशा वेळीं, पॅनेलांचा इन्व्हर्टर वेगळा असल्यास, बॅटरीचा इन्व्हर्टर आपला ठेका मुद्दाम थोडा जलद करतो. पॅनेलांचा इन्व्हर्टर ती खूण ओळखतो व आपली निर्मिति कमी करतो किंवा थांबवितो. दोन यंत्रांमध्यें निरोपाची निराळी तार नसतांही विजेच्या चालींतूनच निरोप पोंचतो.

तुटलेल्या बेटाला आपल्या मिळकतींतच संसार करावा लागतो, ही गोष्ट घराइतकीच शहरालाही लागू आहे. राज्याचें जाल कोसळलें तर मुंबई त्यापासून विलग करून तेथील जनित्रांवर जगवावी, अशी योजना फार पूर्वींपासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास तिची परीक्षा झाली. शहरांत त्या वेळीं होत असलेली निर्मिति शहराच्या गरजेच्या मानानें अपुरी होती. बेट टिकलें नाहीं, आणि लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. तुटणें सोपें असतें. तुटल्यावर आवक आणि खर्च यांचा मेळ राखणें कठीण असतें.

घरच्या बेटाचा हिशेब मांडून पाहावा. पांच युनिटांची बॅटरी घेतली, तिच्या तळाशीं थोडें राखून ठेवलें आणि रूपांतरांतली घट वजा केली, तर घराला सुमारें चार युनिट मिळतात. नऊ वॅटचे चार दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून १८६ वॅट होतात. संध्याकाळीं सातपासून सकाळीं सातपर्यंत बारा तास ते चालले, तर सव्वादोन युनिट लागतात. फ्रिजला रात्रभरांत अर्धा युनिट धरावा. म्हणजे रात्र सुखानें निघून सव्वा युनिट शिल्लक राहतो. परंतु त्याच घरांत दीड किलोवॅट ओढणारें वातानुकूलन यंत्र अखंड चाललें, तर चार युनिट पावणेतीन तासांत संपतात. एक अश्वशक्तीचा पंप ७४६ वॅटचा म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण सुरू होतांना क्षणभर तो नेहमींच्या अनेक पट प्रवाह ओढतो, आणि तेवढ्यानेंच लहान इन्व्हर्टर दमून बंद पडूं शकतो. म्हणून जाणते कारागीर घराच्या तारांचे दोन भाग करतात. दिवे, पंखे, फ्रिज, मोबाइल, आजाऱ्याचें उपकरण हीं एका पेटींत. गिझर, पंप, वातानुकूलन हीं दुसऱ्या पेटींत. वीज गेली कीं पहिलीच पेटी बॅटरीवर जाते. पावसाळ्याच्या तोंडीं बॅटरीचा राखीव भाग वाढवून ठेवणें, हेंही शहाणपणाचें असतें.

वीज परत आल्यावर यंत्र घाई करीत नाहीं. तार नुकती सांधलेली असते. ती पुन्हां जाईल, दाब खालींवर होईल, असा संभव असतो. म्हणून दाब व हेलकावे नेमस्त मर्यादेंत आले आहेत आणि तेथें स्थिर राहिले आहेत, हें तें पाहत राहतें. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणें ही वाट निदान साठ सेकंद पाहावी लागते. मग इन्व्हर्टर आपला ठेका हळूच सरकवून बाहेरच्या ठेक्याशीं जुळवितो, आणि दोन्ही लाटा एकाच क्षणीं चढूं-उतरूं लागल्या, कीं खटका मिटतो. तोपर्यंत शेजाऱ्याकडे दिवे लागलेले असतात आणि या घरचें यंत्र मात्र स्वस्थ दिसतें. तो त्याचा आळस नसून संयम आहे.

तात्पर्य, अशी व्यवस्था घेणाऱ्या गृहस्थानें विक्रेत्याला किंमत विचारावी, त्याबरोबरच आणखी तीन प्रश्न विचारावे. ग्रिड गेल्यावर ही बॅटरी घर चालविते, कीं केवळ बिल कमी करते? कारण दुसऱ्या प्रकारच्याही बॅटऱ्या बाजारांत असतात. घर बाहेरच्या तारांपासून तोडणारा खटका कोठें आहे, व तो आपोआप पडतो काय? आणि घर स्वतंत्र असतांना अर्थिंगची सोय कशी केली आहे? उत्तरें घरांतील कर्त्या माणसांस समजतील अशीं मिळालीं पाहिजेत. तसेंच, दोन्ही टोकांस प्लग असलेली वायर करून जनरेटर भिंतींतल्या सॉकेटला जोडणें, हा प्रकार कांहीं ठिकाणीं सर्रास चालतो. तो निखालस प्राणघातक आहे. त्यांत आधीं तोडणारें कोणी नसतें. नुसतें जोडणेंच असतें. वायरमननें बसविलेल्या मान्य फिरत्या खटक्यावांचून जनरेटर घराला कधींही जोडूं नये.

वादळाच्या रात्रीं एखाद्या घरांत दिवा तेवत असावा, आजाऱ्याचा पंखा फिरत असावा, मुलाला पुस्तक वाचतां यावें, ही इच्छा योग्यच आहे, आणि आजच्या यंत्रविद्येनें ती पुरी करतां येते. परंतु त्याच रात्रीं त्याच वस्तींतल्या खांबावर एक माणूस भिजत उभा असतो, आणि सर्व गांवाचा उजेड त्याच्या हातून परत यावयाचा असतो. घरांतला दिवा आणि खांबावरचा माणूस या दोहोंनाही सांभाळणारी वस्तु म्हणजे मीटरजवळचा तो लहानसा खटका. तो वेळेवर उघडेल अशी व्यवस्था ठेवणें हें प्रत्येक सौर घराचें शेजारधर्माइतकेंच साधें आणि तितकेंच अनिवार्य असें कर्तव्य होय.